नुक्ता वर गेला तेव्हा

2014 च्या पावसाळ्यातली गोष्ट. पाचवीच्या वर्गात खिडक्यांना पडदे म्हणून जुन्या चादरी लावल्या होत्या आणि भिंतीवर 'बाप' हा शब्द जुळून येणार होता. उजवीकडून बे आला, त्याच्या मागोमाग अलिफ आला, दोघे एकमेकांना चिकटले, पे येऊन शेजारी सुटाच उभा राहिला. इथवर सगळं ठीक होतं. मग बेच्या पोटाखालचा नुक्ता हळूच सुटला, वर चढला आणि डोक्यावर जाऊन बसला. ज्यांना उर्दू येतं त्यांना पुढचं सांगायला नको. नुक्ता खाली असला तर बे, तोच वर गेला की नून. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, बाप का नाप हो गया!"

वर्ग दहा मिनिटं हसत होता. आम्ही मात्र घामाघूम. (उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाच्या तोंडी 'हम' असं बसलेलं असतं, की मराठी लिहितानाही 'मी' सुचत नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावं.) आम्हाला हसू येत नव्हतं, कारण हा खेळ बिघडला कुठे तेच कळत नव्हतं. सहा वर्षं ज्या सॉफ्टवेअरवर हात बसलेला, त्याचीच नवी आवृत्ती समोर होती, आणि तिनं आमच्या नकळत नुक्ता वर नेऊन ठेवला होता.

आता थोडं मागे जायला हवं. आमची शाळा कोकणातली, माध्यम उर्दू, आणि मुलं घरी बोलतात कोकणी. आईशी भांडण कोकणीत, एसटीच्या कंडक्टरशी मराठीत, आणि वर्गात शिरलं की उर्दू. उर्दू ही त्यांना मुख्यतः शाळेत भेटणारी जबान. त्यामुळे पाचवीला येणाऱ्या काही मुलांना अलिफ-बे तोंडपाठ असतं, पण शब्द वाचता येत नाही. कारण सरळ आहे. तक्त्यावर पाहिलेलं अक्षर शब्दात तसं राहतच नाही. बे एकटा असतो तेव्हा होडीसारखा पसरलेला असतो. शब्दाच्या सुरुवातीला आला की त्याचा एवढासा दात उरतो. ऐन तर एकटा वेगळा, सुरुवातीला वेगळा, मध्ये गाठ मारल्यासारखा आणि शेवटी पुन्हा वेगळा. त्यात अलिफ, दाल, रे, वाव यांच्यासारखी काही अक्षरं मागच्याचा हात धरतात, पण पुढच्याला हात देत नाहीत. 'दरवाज़ा' या शब्दात सहा अक्षरं आहेत आणि सहाच्या सहा सुटी. उलट 'किताब'मध्ये काफ, ते, अलिफ एका माळेत आणि बे एकटा बाहेर. मोठ्यांना हे सवयीनं दिसेनासं होतं. दहा वर्षांच्या मुलाला ते जादूटोण्यासारखं वाटतं.

हे जुळणं आणि सुटणं फळ्यावर दाखवता येत नाही. खडूनं लिहिलेला शब्द एकदम पुरा होतो, बदल होताना दिसत नाही. चित्र हललं पाहिजे, असं आम्हाला नोकरीच्या पहिल्या वर्षीच वाटू लागलं. हलवण्याची विद्या थोडी हाताशी होती. बारावीनंतर, 2008 साली, तालुक्याच्या गावी तीन महिन्यांचा कोर्स केला होता, फ्लॅश आठचा. ही मॅक्रोमीडियाची आवृत्ती 2005 सालची. त्याच वर्षाच्या अखेरीला ती कंपनी अडोबीनं घेतली, पण क्लासमध्ये मात्र फ्लॅश म्हणजे 'आठ' हेच समीकरण होतं. बॉल उड्या मारतोय, मोटार चालतेय, एवढं झालं की प्रमाणपत्र.

उर्दूचं लफडं तिथंच सुरू झालं. आमच्या फ्लॅश आठमध्ये उर्दू टाइप केलं की अक्षरं सुटी सुटी आणि उलट्या क्रमानं पडायची. इंग्रजीच्या चालीनं चालणाऱ्या यंत्राला उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी म्हणजे उलटी वरातच. मग आम्ही एक वाट काढली. अब्बांना सांगितलं, प्रत्येक अक्षराची सगळी रूपं मोठी मोठी लिहून द्या.

अब्बा मुंबईत एका उर्दू छापखान्यात कातिब होते. बोरूला तिरका छेद देऊन, नुक्त्यांच्या मापानं अक्षर मोजत नस्तालीक लिहिणं हा त्यांचा पोटाचा धंदा. नस्तालीकमध्ये अलिफ तीन क़त उंच, म्हणजे त्याच बोरूचे तीन नुक्ते एकावर एक ठेवावेत तेवढा. 1981 साली नूरी नस्तालीक आलं, हजारो जोडाक्षरांचे आकार यंत्रात भरलेलं. पुढे 1994 साली इनपेज आलं आणि साध्या संगणकावर उर्दू पानं लागू लागली. छापखान्यातल्या काही कातिबांनी कीबोर्ड समोर ओढला. अब्बांनी नाही ओढला. बोरू कागदात गुंडाळला आणि गावी आले. इथं लग्नपत्रिका, मशिदीचे फलक, दुकानांच्या पाट्या लिहिल्या. 'त्या वेळी शिकला असतात तर', हे वाक्य आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही, पण जेवताना ते पुष्कळदा ताटाच्या बाजूला येऊन बसलेलं असायचं.

अब्बांनी अक्षरं लिहून दिली. आम्ही ती स्कॅन केली आणि फ्लॅशमध्ये त्यांच्या कडा एकेक करून गिरवल्या. मग आकार बदलणारा ट्वीन लावला. पहिल्या कीफ्रेमला एकटा बे, शेवटच्या कीफ्रेमला दातासारखा बे, मधला प्रवास यंत्र करील. यंत्र चुकू नये म्हणून आकारावर खुणेचे ठिपके लावायचे, ए पासून झेड पर्यंत सव्वीस. पहिल्या आकारावर ते पिवळे, दुसऱ्यावर हिरवे, आणि जागा चुकली की लाल. रात्र रात्र आम्ही लाल ठिपके हिरवे करत बसायचो. वर्षभरात असे तीसेक शब्द तयार झाले. शाळेत आमची थोडी वट वाढली.

आणि 2014 च्या जूनमध्ये शाळेचा जुना संगणक बसला. आखातात जाहिरातीचं दुकान चालवणाऱ्या एका माजी विद्यार्थ्यानं दुकान आवरताना दोन संगणक शाळेला पाठवले, त्यांवर रीतसर विकत घेतलेलं फ्लॅश सीएस फाइव्ह. लोक म्हणाले, सरांची चंगळ झाली. आम्हीही तेच समजलो.

पहिल्या दिवशी उघडलं आणि घरात शिरल्यावर चूल माळ्यावर नि माळा अंगणात सापडावा तसं झालं. आयुष्यभर डोक्यावर असलेली टाइमलाइन खाली पायाशी गेली होती. खाली असलेले गुणधर्म उजव्या बाजूला उभे होते. हत्यारांची पट्टी डावीकडून उठून उजवीकडे. डोळे सवयीच्या जागी जायचे आणि रिकामे परत यायचे. जे काम दोन मिनिटांचं, त्याला अर्धा तास लागू लागला. बी.एड.ला आम्ही परीक्षेत दहा ओळी लिहिल्या होत्या, अध्यापन ज्ञाताकडून अज्ञाताकडे न्यावं. आता विद्यार्थी आम्ही स्वतः होतो आणि ज्ञात काय तेच हरवलं होतं.

एक आसरा मात्र सापडला. बोटांना जे ठाऊक होतं ते तिथंच होतं. एफ सिक्स दाबलं की कीफ्रेम, एफ सेव्हन दाबलं की रिकामी कीफ्रेम, एफ फाइव्ह दाबलं की साधी फ्रेम. कंट्रोल एंटर केलं की चालवून बघता येतं. डोळ्यांना परकं वाटणारं घर बोटांना ओळखीचं होतं. तेव्हापासून कुठलंही नवं यंत्र आलं की आम्ही आधी बोटं फिरवून बघतो.

पण खरे घोटाळे जागेचे नव्हतेच. जागा आठवड्यात पाठ होतात. घोटाळा झाला तो दोन गोष्टींनी, ज्या दिसत नव्हत्या.

पहिली गोष्ट वेगाची. फ्लॅश आठमध्ये नवी फाइल उघडली की ती सेकंदाला बारा फ्रेमनं चालायची. सीएस फाइव्हमध्ये नवी फाइल चोवीस फ्रेमची. आम्ही जुन्या फाइलींतल्या फ्रेम उचलून नव्यात टाकल्या. छत्तीस फ्रेमचा शब्द जिथं तीन सेकंदांत जुळायचा तिथं दीड सेकंदात जुळू लागला. अक्षरं एकमेकांच्या अंगावर धावून जात होती. आम्हाला वाटलं, नवा संगणक, जोरात चालतोय, बरंच झालं. वर्गात ज्या मुलांना आधी थोडंफार दिसायचं त्यांनाही काही दिसेना. एक मुलगी म्हणाली, "सर, थोडा आहिस्ता." तेवढ्यानं आमचे डोळे उघडले. जुने कार्टूनवाले एकच चित्र दोन फ्रेम धरून ठेवत, म्हणजे चोवीस फ्रेमच्या फिल्मला सेकंदाला बाराच चित्रं पुरत. लहानपणी दूरदर्शनवर पाहिलेला, विजया मुळे यांचा 1974 सालचा 'एक अनेक और एकता' आम्ही पुन्हा लावून पाहिला, भीमसैन यांच्या अ‍ॅनिमेशनचा. त्यातली चित्रं कुठं थांबतात, किती वेळ थांबतात, हे पहिल्यांदाच मोजलं. हलवायला सगळेच शिकवतात, थांबवायला कुणी शिकवलं नव्हतं. मग आम्ही प्रत्येक अक्षर जुळल्यावर पुरा एक सेकंद, म्हणजे चोवीस फ्रेम, शब्द तसाच उभा ठेवू लागलो.

दुसरी गोष्ट मोशन ट्वीनची. आठमध्ये आम्ही सुरुवातीची कीफ्रेम टाकायचो, शेवटची टाकायचो, आणि मग मध्ये ट्वीन लावायचो. दोन्ही टोकं आमच्या हातात. सीएस फोरपासून ही पद्धत उलटली होती. आता आधी वस्तूला ट्वीन लावायचा, मग रेघ पुढे सरकवून वस्तू हलवायची. जिथं हलवाल तिथं कीफ्रेम आपोआप पडते आणि पडद्यावर वाटेचे ठिपके उमटतात. सोय मोठी आहे. पण आम्ही सवयीनं मधल्या एका फ्रेमवर थांबलो, नुक्ता वर घेतला तर कसा दिसेल ते सहज पाहिलं, समाधान झालं आणि पुढे गेलो. यंत्रानं ते मनावर घेतलं. आमचं पाहणंच हुकूम ठरलं. 'बाप'चा 'नाप' झाला तो असा.

हे शोधून काढलं नववीतल्या एका मुलानं. संगणकाच्या खोलीत झाडू मारायला म्हणून थांबायचा आणि मागे उभा राहून बघायचा. त्यानं जुनी आवृत्ती कधी पाहिलीच नव्हती. त्याला विसरायचं काही नव्हतं. तो म्हणाला, "सर, ये छोटा सा हीरा देखो, यहाँ कुछ हुआ है." खरंच, टाइमलाइनवर बारीक चौकटीच्या एक्क्यासारखी खूण पडलेली होती. ती काढली, नुक्ता खाली आला. मग त्यानंच मेनूत दाखवलं, आमची जुनी पद्धत काढून टाकलेली नाही, ती तिथंच आहे, फक्त तिचं नाव आता 'क्लासिक ट्वीन' आहे. वयाच्या चोविसाव्या वर्षी आपण 'क्लासिक' झालो हे कळल्यावर माणसाला कसं वाटतं ते आम्ही त्या दिवशी अनुभवलं. उस्तादानं शागिर्दाकडून शिकावं यात कमीपणा नाही असं आम्ही भाषणांत सांगतो. त्या मुलापुढे आमचे कान मात्र लाल झाले होते, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात मुलं म्हणाली, "सर, वो नुक़्ता चढ़नेवाला फिर दिखाओ." आम्ही दुरुस्त केलेलं लावलं तर हिरमुसली. तेव्हा सुचलं की चूक तीच, पण मुद्दाम करावी. एकच दात पडद्यावर ठेवला. खाली एक नुक्ता, बे. तो वर गेला, नून. वर दोन झाले, ते. तीन झाले, से. तिघे खाली उतरले, पे. एक दात आणि पाच अक्षरं. जे आम्ही वर्षभर तोंडानं सांगत होतो ते मुलांना दोन मिनिटांत दिसलं. इथं नवी पद्धत मनापासून कामी आली, कारण नुक्ता जिथं नेऊ तिथं कीफ्रेम आपोआप पडत होती. जिच्यावर आम्ही रागावलो होतो तीच सोय.

हे सगळं जमल्यावर आम्ही मोठ्या अभिमानानं अब्बांना शाळेत घेऊन गेलो. त्यांचीच अक्षरं भिंतीवर हलताना त्यांनी पाहिली. एकटा बे आक्रसत आक्रसत दात झाला. अब्बा गप्प. आम्ही विचारलं, "कसं वाटलं?" ते म्हणाले, "अक्षर रबराचं असतं काय रे?"

आम्हाला राग आला. सव्वीस सव्वीस ठिपके लावून केलेलं काम. पण अब्बांनी खिशातलं पेन काढून वहीवर लिहून दाखवलं. शब्दातला बे हा ताणून लहान केलेला बे नसतो. हात तो पहिल्यापासून तसाच लिहितो. उजवीकडून सुरू होतो, दात काढतो, न उचलता अलिफमध्ये चढतो. मग म्हणाले, "आणि तुझा नुक्ता अक्षराबरोबर चालत येतो. नुक्ता चालत येत नाही. आधी जिस्म पुरा करायचा, मग नुक्ता लावायचा. सगळ्यात शेवटी."

ती रात्र आमची झोप उडाली. आम्ही इतके महिने आवृत्तीशी झगडत होतो, टाइमलाइन वर की खाली, ट्वीन जुना की नवा. ट्वीन मुळात तिथं लावायचा का, हा सवाल आम्ही फ्लॅश आठमध्येही विचारला नव्हता. यंत्रात ती कळ होती म्हणून लावली होती. आवृत्ती बदलली नसती, सगळं जिथल्या तिथं राहिलं असतं, तर ती तीस शब्दांची चूक आम्ही निवृत्तीपर्यंत शिकवत राहिलो असतो.

मग सगळं नव्यानं केलं. आकार बदलणारा ट्वीन अक्षरांवरून काढून टाकला. पुरा शब्द अब्बांच्या हातचा घ्यायचा, एफ सिक्स दाबायचं, शेवटाकडून थोडा पुसायचा, पुन्हा एफ सिक्स, पुन्हा थोडा पुसायचा, असं सुरुवातीपर्यंत. मग सगळ्या फ्रेम निवडून क्रम उलटा करायचा. चालवलं की बोरू न दिसता शब्द लिहिला जातो. शेवटी नुक्ते, एकेक करून. एका शब्दाला साठ-सत्तर वेळा एफ सिक्स. यात आपोआप काही नाही. पण मुलाच्या हाताला जे करायचं आहे तेच डोळ्यांना दिसतं. वर्गातली मुलं हवेत बोट फिरवून पडद्याबरोबर लिहू लागली. जी मुलं 'किताब'ची चारही अक्षरं सुटी मांडायची, त्यांतली पुष्कळशी दिवाळीच्या सुटीपर्यंत जोडू लागली. काही नाही जोडू लागली. त्यांच्यासाठी अजून खडूच आहे.

2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. मुलांच्या घरी संगणक नव्हते, बापाचा किंवा भावाचा मोबाइल होता, तोही संध्याकाळी मिळायचा. अँड्रॉइडसाठीचा फ्लॅश प्लेअर तर 2012 सालीच दुकानातून काढून घेतलेला. आमच्या सगळ्या फाइली त्या मोबाइलांना मुक्या. त्यातच 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅश प्लेअर कायमचा बंद होणार हे जाहीर झालेलं होतं. अब्बांची अक्षरं त्या फाइलींत अडकलेली. वय झालं, हात थरथरतो, पुन्हा तशी लिहिणं त्यांना शक्य नव्हतं. त्या उन्हाळ्यात आम्ही एकेक शब्द चित्रांच्या माळेत बाहेर काढला, चित्रं जोडून व्हिडिओ केले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. पहिला पाठवताना सवयीनं आधी वेग तपासला. चोवीस होता.

त्या रात्री अब्बा ओसरीत बसून आमच्या मोबाइलवर 'दरवाज़ा' पाहत होते. मोतीबिंदूमुळे फोन नाकाजवळ धरलेला. सहा सुटी अक्षरं एकामागून एक लिहिली गेली. मग ज़ेवर नुक्ता पडला. अब्बांनी पुन्हा लावून मागितलं. तिसऱ्यांदा पाहिल्यावर म्हणाले, "हे शिकायला किती दिवस लागतात?" आम्ही म्हणालो, "अब्बा, तुम्हाला फार नाही लागणार." ते हसले. ती वेळ निघून गेली होती, ते त्यांनाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. पण सव्वीस वर्षांत त्यांनी हा सवाल पहिल्यांदा विचारला होता.

आता पुन्हा नवा संगणक आला आहे. त्या सॉफ्टवेअरचं नावही 2016 साली बदलून अ‍ॅनिमेट झालं. खिडक्या पुन्हा इकडच्या तिकडे. यंदाच्या पाचवीसाठी आम्ही नवे शब्द करायला बसलो आहोत. बोटं आधी एफ सिक्सवर ठेवली. वेग पाहिला. जिस्म पुरा केला. नुक्ता अजून लावलेला नाही.